उन्हाळ्यातच फ्रिजला करंट का येतो आणि पावसाळ्यात तो जातो कुठे?

सलग तीन उन्हाळे आमच्या घरी एकच प्रकार चालला होता. मार्च सरत आला की फ्रिजच्या दाराला हात लावताच बोटांना मुंग्या यायच्या. एप्रिलात मुंग्यांचा चटका व्हायचा. मे महिन्यात आईनं स्वयंपाकघराच्या दारातच एक जुनी रबरी चप्पल ठेवली होती आणि कुणी अनवाणी फ्रिजकडे निघालं की ती आतून ओरडायची, "अरे, चप्पल घाल आधी!" जूनमध्ये दोन-चार पाऊस झाले की सगळं गायब. मग पुढच्या मार्चपर्यंत कुणाला त्याची आठवणही नसायची.

पहिल्या वर्षी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं मागची बाजू उघडून टेस्टर लावला, रिले बदलला, पैसे घेतले. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि आम्हाला वाटलं, जमलं. दुसऱ्या वर्षी पिन आणि कॉर्ड बदलली, पुन्हा पावसानं श्रेय त्या कॉर्डला दिलं. तिसऱ्या वर्षी जुना फ्रिज एक्स्चेंजमध्ये देऊन नवा आणला. आठ दिवसांत नव्या फ्रिजलाही तोच करंट! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की दोष फ्रिजचा नाहीच.

आमचं घर परभणीचं, १९९८ साली बांधलेलं. अशी तक्रार घराघरांत ऐकू येते आणि उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी केला जातो. म्हणून सापडलं ते आणि कसं सापडलं ते सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: यातली मोजमापं मी वायरमनच्या शेजारी उभा राहून पाहिली आहेत. बोर्ड उघडून चालू लाइनवर स्वतः काही करायला जाऊ नका.

"खड्डा कुठंय तुमचा?"

ओळखीतल्या एकानं एक म्हातारे वायरमन सुचवले. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला, "अर्थिंगचा खड्डा कुठंय तुमचा?" हा खड्डा म्हणजे घराच्या अर्थच्या तारेला जोडलेला पाइप जिथे जमिनीत पुरतात तो. कुणालाच सांगता येईना. शेवटी वडिलांना आठवलं, मागच्या अंगणात, न्हाणीचं पाणी जिथे अळूच्या वाफ्यात सोडलं होतं, तिथेच कुठेतरी.

आता तिथे अळू नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही ड्रेनेजची लाइन घेतली, न्हाणीचं पाणी पाइपात घातलं आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. मामा हसले. म्हणाले, "ज्यानं खड्डा केला तो शहाणा होता भाऊ. बारा महिने ओलं राहील अशी जागा बघून केला त्यानं. तुम्ही त्याचं पाणी तोडलं."

तक्रार तीन वर्षांपूर्वीच का सुरू झाली, त्याआधीची वीस-बावीस वर्षं का नव्हती, याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं.

काळी माती ओली असेपर्यंत अर्थिंगसाठी फार चांगली, कारण पाणी आणि क्षार धरून ठेवते. पण तीच माती वाळली की आकसते, भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा जमिनीखाली अर्थिंगच्या पाइपभोवतीही पडतात. पाइप आणि माती यांच्यात हवेची पोकळी तयार होते. पाइप जागेवर आहे, तार जोडलेली आहे, पण जमिनीशी संबंध तुटल्यात जमा. पाऊस पडला की माती फुगते, पोकळी भरते, अर्थिंग पुन्हा जिवंत. कोकणातल्या जांभ्यात किंवा पुण्याकडच्या मुरमात भेगांचा त्रास नाही, पण तिथे पाणी टिकत नाही आणि मुळातच जमिनीचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त असतो, त्यामुळे उन्हाळ्यातली गत तीच.

करंट जमिनीत "मुरत" नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपण सर्रास म्हणतो, अर्थिंगमुळे करंट जमिनीत जातो. जमिनीला करंटची काही हौस नाही. तुमच्या घरात फेजनं, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेनं, आलेल्या करंटला जायचं असतं ते डीपीवरच्या, म्हणजे भागातल्या वीजवाटपाच्या खांबावरच्या, ट्रान्सफॉर्मरकडे परत. नेहमीचा परतीचा रस्ता म्हणजे न्यूट्रल. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथेच, डीपीजवळ, जमिनीत पुरलेला असतो. त्यामुळे परतीचा दुसरा रस्ताही तयार होतो: उपकरणाचा पत्रा, अर्थची हिरवी वायर, घराचा खड्डा, मधली जमीन, डीपीचा खड्डा आणि पुन्हा ट्रान्सफॉर्मर. (शेतकरी उन्हाळ्यात डीपीच्या अर्थिंगला घागरभर पाणी घालतात, ते याच हिशेबानं.) आपण अनवाणी उभे राहून पत्र्याला हात लावतो तेव्हा तिसरा रस्ता आपल्या अंगातून तयार होतो. अर्थिंग चांगलं असेल तर बहुतेक करंट हिरव्या वायरनं निघून जातो आणि पत्र्यावर व्होल्टेज साचत नाही. खड्डा कोरडा असेल तर साचतं.

आणि आमच्या प्रकरणाची किल्ली इथेच होती: हिरवी वायर घरातल्या सगळ्या उपकरणांचे पत्रे एकमेकांना जोडते. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, पाण्याची मोटर, कूलर, सगळे एकाच तारेला बांधलेले. खड्डा ठीक असेल तर ही तार जमिनीच्या पातळीवर राहते. खड्डा गेला की एकाचं दुखणं सगळ्यांच्या अंगावर पसरतं. म्हणून शॉक जिथे बसतो तिथे दोष असेलच असं नाही.

चोर कसा सापडला

मामांनी अंगणाच्या एका कोपऱ्यात, घरापासून लांब, लोखंडी सळई हातभर खोल ठोकली आणि तिच्याभोवती दोन बादल्या पाणी ओतलं. ही झाली मोजायला स्वतंत्र "जमीन". घरातलं अर्थिंगच संशयित असताना त्याच्याशी तुलना करून उपयोग नाही. सळईला लांब वायर लावून मल्टिमीटर घरात आणला. एक टोक सळईकडे, दुसरं फ्रिजच्या उघड्या स्क्रूला. मीटरवर ६२ व्होल्ट.

मग फ्रिजची पिन काढली. फ्रिजचा पत्रा शून्य. पण मीटरचं टोक फ्रिजच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थच्या भोकात घातलं तर तिथे ६० व्होल्ट तसेच. म्हणजे फ्रिज करंट देत नव्हता, घेत होता. त्यावर वर्षानुवर्षं झालेला खर्च आठवून वडील गप्प बसले.

पुढचं काम सोपं. मीटर त्याच भोकात ठेवून घरातल्या एकेका उपकरणाची पिन काढत गेलो. वॉशिंग मशीन काढलं, फरक नाही. गीझर बंद, फरक नाही. पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, फरक नाही. हॉलच्या खिडकीतल्या कूलरची पिन काढली आणि आकडा धाडकन ३ वर आला. पिन परत लावून फक्त कूलरचा पंखा चालू केला, ३. पंपाचं बटण दाबलं, ६२.

पत्र्याचा कूलर, आणि त्याच्या टाकीत बुडालेला तो पाव किलोचा छोटा पंप. त्याचं इन्सुलेशन गेलं होतं आणि फेजमधून थोडा करंट पाण्यात, पाण्यातून कूलरच्या पत्र्यात, पत्र्यातून हिरव्या वायरीत जात होता. कूलरला शॉक बसल्याचं कुणी कसं सांगितलं नाही? कारण मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात लहानपणापासून एक नियम पाठ असतो: कूलर चालू असताना त्याला हात लावायचा नाही, पाणी भरायचं तर आधी पिन काढायची. नियम चांगलाच आहे, त्यानं जीव वाचतात. पण त्याच नियमामुळे आमचा दोषी कूलर खिडकीबाहेर सुखरूप उभा होता आणि मार फ्रिज खात होता. कारण अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवर उभं राहून दिवसातून वीस वेळा हात लागतो तो फ्रिजला.

जूनमध्ये शॉक जायची कारणंही मग दोन निघाली: माती ओली व्हायची आणि कूलर बंद व्हायचा.

मामांनी कुठूनतरी अर्थ टेस्टर मागून आणला होता. खड्ड्याचा रोध भरला ३०० ओहमच्या आसपास (ओहम हे रोधाचं माप, आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं). पेव्हर ब्लॉक काढून बघितलं तर पाइपावरचा क्लॅम्प गंजून पापुद्रे सुटत होते. खड्ड्यात घातलेल्या मिठाचा हा दुसरा गुण: ओल धरतं आणि लोखंडही खातं. क्लॅम्प बदलून तारेचं टोक घासून घट्ट केलं, आकडा १८० वर आला. दोन दिवस रोज चार बादल्या पाणी सोडलं, ७० झाला. गणित लावून बघा. पंपातून होणारी गळती साधारण ८५० ओहमची धरली तर ३०० ओहमच्या खड्ड्यावर अर्थची वायर ६० व्होल्टवर जाते. तोच खड्डा पावसाळ्यात ३० ओहमचा झाला तर तीच वायर जेमतेम ८ व्होल्टवर असते. ८ व्होल्ट हाताला कळत नाहीत. दोष बाराही महिने होता, जाणवत होता तीनच महिने.

म्हणून अर्थिंग मोजून घ्यायचं असेल तर मे महिन्यात मोजा. ऑगस्टमधला आकडा बघून समाधान मानू नका.

तुमच्या घरी काय बघायचं

सगळ्यांच्या घरी कूलरच असेल असं नाही, त्यामुळे लक्षणांवरून अंदाज कसा बांधायचा ते लिहितो. वायरमनला यातली लक्षणं नीट सांगितलीत तर त्याचा निम्मा वेळ वाचतो.

एकाच उपकरणाला शॉक बसतो आणि बाकी सगळी ठीक, तर आधी त्याची पिन आणि सॉकेट बघा. तीन पिनांपैकी वरची जाड, लांब पिन अर्थची. ती इतरांपेक्षा लांब असते, कारण घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. जुन्या दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून ही पिन कापलेली, किंवा मध्ये दोन पिनांचा कन्व्हर्टर घातलेला मी नातेवाइकांच्या घरी कितीदा पाहिलाय. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांत तर वर तीन भोकं दिसतात आणि आत केबल दोनच तारांची असते. अशा बोर्डावर फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांपैकी काहीही लावू नका.

मुंग्या हलक्या आहेत, उपकरण कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन किंवा मायक्रोवेव्ह आहे, आणि मीटर पत्र्यावर ११०-११५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, तर बहुधा उपकरण बिघडलेलं नाही. यांच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला नसेल तर पत्रा २३०च्या बरोबर मध्ये लोंबकळत राहतो. करंट एक मिलीअँपिअरच्या आतबाहेर, म्हणून नुसत्या मुंग्या. पण याचा अर्थ एवढाच की त्या सॉकेटला अर्थ येत नाहीये, आणि उद्या खरा दोष आला तर वाचवायला तिथे काही नाही.

पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट मिळत असतील, किंवा हात झटकला जाईल असा शॉक बसत असेल, तर चौकशी नंतर. आधी मेन बंद करून पिन काढा. बटण बंद केल्यावरही शॉक येत असेल तर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असू शकतात. मग बटण न्यूट्रल तोडतं आणि उपकरणात फेज तसाच उभा राहतो. सॉकेटकडे समोरून बघताना फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर, हा क्रम हवा.

बाथरूममध्ये नळाच्या पाण्यातून झिणझिण्या आल्या तर संशय गीझरच्या हीटिंग एलिमेंटवर घ्या. बोअरच्या जड पाण्यानं एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो, ते जास्त तापतं, त्याच्या नळीला बारीक तडा जातो आणि पाणी आत शिरतं. नवं एलिमेंट बसेपर्यंत तो गीझर वापरू नका. चप्पल घालून अंघोळ करणं हा उपाय नाही.

आणि शॉकच्या जोडीला दिवे कधी भगभगीत, कधी मंद होत असतील, शेजाऱ्यांकडेही तसंच होत असेल, तर गोष्ट तुमच्या घराबाहेरची आहे. लाइनवरचा न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असावा. तीन फेजांच्या लाइनवर न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात २३० ऐवजी ३००-३५० व्होल्ट, अगदी ४००च्या जवळपासही जाऊ शकतात. लगेच मेन बंद करा आणि वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा.

टेस्टरवर फार विसंबू नका. निऑनचा टेस्टर मिणमिणला यातून एवढंच कळतं की काहीतरी व्होल्टेज आहे. ६० आहे, ११५ आहे की २३०, हे तो सांगत नाही. जाड रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर तो धड पेटणारही नाही.

बल्ब लावून अर्थिंग तपासणं

ही पद्धत सगळीकडे चालते: शंभरचा बल्ब, एक वायर फेजमध्ये, दुसरी अर्थच्या भोकात. बल्ब लागला की "अर्थिंग ओके". मामा हे करत नाहीत आणि का करत नाहीत ते त्यांनी नीट समजावलं.

एक तर शंभरचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. खड्डा ५० ओहमचा असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो व्यवस्थित उजेड पाडतो. म्हणजे तार कुठेतरी जोडलेली आहे एवढंच सिद्ध होतं, अर्थिंग चांगलं आहे हे नाही. एलईडी बल्बचं तर विचारूच नका, तो अगदी थोड्या करंटवरही लागतो.

दुसरं जास्त भयंकर आहे. खड्डा खराब असेल तर त्या क्षणी तुम्ही बल्बमधून संपूर्ण घराच्या हिरव्या वायरीत फेज सोडलेला असतो. ३०० ओहमवर ती वायर ऐंशी-नव्वद व्होल्टवर जाते. खड्ड्याची तार पूर्ण तुटलेली असेल तर पूर्ण २३०वर. इकडे तुम्ही हॉलमध्ये बल्ब धरून उभे, तिकडे स्वयंपाकघरात कुणीतरी फ्रिज उघडतंय. कुणी ही चाचणी करायला लागलाच तर आधी घरातल्या सगळ्या पिना काढायला लावा. आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच पडून लाइन तोडणारा स्विच, असेल तर बल्ब लावताच तो पडायलाच हवा. नाही पडला तर एक तर आरसीसीबी मेलेला आहे किंवा अर्थच जोडलेला नाही.

न्यूट्रलचा तुकडा

तपासताना आणखी एक सापडलं. हॉलमधल्या टीव्हीच्या बोर्डाला हिरवी वायर आलेलीच नव्हती. कधीतरी कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूला बोटभर वायरचा तुकडा जोडून ठेवला होता. वरून तपासलं तर सगळं छान दिसतं: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, बल्ब झकास पेटतो. पण तिथून मागे कुठेही न्यूट्रल सुटला, बोर्डातला एखादा स्क्रू सैल झाला तरी, चालू उपकरणातून फेज त्या तुकड्यावाटे थेट त्याच्या पत्र्यावर येतो, तोही पूर्ण २३०. हे अर्थिंग नव्हे, सापळा आहे. ओळखायची एक खूण: जोड दिलेला असतो तिथे न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज अगदी कोरडं शून्य येतं, घरात कितीही लोड असला तरी. खऱ्या अर्थिंगला लोड असताना बहुधा थोडं, एक-दोन व्होल्ट, दिसतंच. खात्री मात्र बोर्ड उघडूनच होते.

नवा खड्डा, आणि तो पुरेसा का नाही

जुना पाइप तसाच ठेवून आम्ही नवा खड्डा केला. अर्थिंगचं आपल्याकडचं मानक आयएस ३०४३ आहे, १९८७चं, नंतर २०१८ मध्ये सुधारलेलं. त्यात पाइप किमान अडीच मीटर लांब आणि शक्यतो इमारतीपासून दीड मीटर लांब असावा असं आहे. आम्ही तेच धरलं. चाळीस मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप, खालच्या भागात भोकं, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकणाची चौकट. तिथून मीटरच्या बोर्डापर्यंत दोन जीआय तारा, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. जुना खड्डाही त्यालाच जोडला. कुणी तासाभरात हातभर सळई ठोकून "केमिकल अर्थिंग" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला आधी अर्थ टेस्टरवर आकडा दाखवायला सांगा. आमचा आकडा ६ ओहम आला. काळ्या मातीत ओल असताना एवढा येतो, मुरमाड जमिनीत यासाठी दोन-तीन खड्डे करावे लागू शकतात.

मला वाटलं झालं. मामांनी तिथे एक हिशेब मांडला, तो मला आजवर कुणी सांगितला नव्हता. समजा उद्या कूलरमध्ये फेजची वायरच सुटून पत्र्याला चिकटली. खड्डा ६ ओहम, डीपीचा धरा २. एकूण ८. २३० भागिले ८ म्हणजे जवळपास २९ अँपिअर. कूलरच्या लाइनला १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, आहे. तो झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे निदान ८० अँपिअर लागतात. २९ वर तो तापत बसेल आणि कधीतरी, कदाचित काही मिनिटांनी पडेल. तोवर कूलरचा, आणि हिरव्या वायरनं जोडलेल्या फ्रिजचा, पत्रा १७०हून जास्त व्होल्टवर. उत्तम खड्डा असून!

ज्या घराचं अर्थिंग स्वतःच्या खड्ड्यावरच अवलंबून आहे तिथे एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तो किती करंट गेला हे बघत नाही. फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट जुळतो का, एवढंच बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तोडतो, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. आमच्या पंपातून दोनशेहून जास्त मिलीअँपिअर गळत होते. आरसीसीबी असता तर पहिल्याच मार्चमध्ये पंपाचं बटण दाबताक्षणी घर अंधारलं असतं आणि आम्ही फ्रिज बदलला नसता.

खड्डा नसला तरी आरसीसीबी काम करतो, पण मग गळती त्याला कळते ती कुणाच्या तरी अंगातून करंट गेल्यावर. खड्डा असेल तर माणसाचा हात लागण्याआधीच कळते. दोन्ही हवेत ते यासाठी. त्याच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. ते दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे तो जिवंत आहे, पण त्यावरून अर्थिंगबद्दल काहीच कळत नाही. इन्व्हर्टरवरच्या लाइनचं वेगळं बघून घ्या, कारण बरेचदा त्या आरसीसीबीला वळसा घालून गेलेल्या असतात.

नवा आरसीसीबी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात तो उगाच पडत असेल तर त्याला शिव्या घालून काढू नका. जुन्या घरांत दोन लाइनींचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात, किंवा पावसाळ्यात गच्चीवरच्या एखाद्या दिव्यात पाणी शिरलेलं असतं. तो खोटं सांगत नसतो, फक्त कुठे ते सांगत नाही. एकेक लाइन बंद करून शोधावं लागतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खड्डा स्वतः करता येत नाही. तिथे मीटर रूमजवळ सोसायटीचे खड्डे असतात आणि वर जाणारी पट्टी किंवा तार. वायरमनला दोन गोष्टी विचारा: मीटर रूमपासून आपल्या डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या डब्यापर्यंत, अर्थची तार खरंच आली आहे का, आणि खड्ड्याचं शेवटचं मोजमाप कधी झालं. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांकडे बघतात. पार्किंगवर काँक्रीट ओतताना खड्ड्याची झाकणं गाडली गेली का, तेही बघून ठेवा.

आमच्याकडे आता कूलरला नवा पंप आहे, आणि टाकीतलं शिळं पाणी दर रविवारी नरसाळ्यातून खड्ड्यात जातं. या मे महिन्यात ९ ओहम भरले. फ्रिजचा पत्रा सळईशी मोजला तर एक व्होल्टही नाही.

एक तक्रार मात्र उरली आहे. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची केबल खोलताना अजून बारीक चिमटा बसतो. टीव्ही दोन पिनांचा, त्याला अर्थ नसतोच. त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून येणारा थोडासा करंट केबलच्या बाहेरच्या जाळीवर उतरतो. केबल गल्लीतल्या सगळ्या टीव्हींना जोडलेली असेल तर सगळ्यांचा मिळून जरा जास्तच. केबल काढताना आधी टीव्ही आणि बॉक्स, दोन्हींच्या पिना काढायच्या. तरीही चिमटा बसला तर तो शेजाऱ्यांकडून आलाय, तेव्हा केबलवाल्याला त्याच्या लाइनचं अर्थिंग बघायला सांगायचं.